पुडीतली केशरी गोळी

टाचेमागं कुणीतरी काठी हाणली, असं प्रस्तुत लेखकाला वाटलं. वेळ सकाळी सव्वासहाची, जागा सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठची, महिना डिसेंबरचा. त्यानं वळून आधी एक शिवी हासडली आणि मग पाहिलं. मागं कुणी नव्हतं. वीसेक पावलांवर कानटोपी घातलेले एक आजोबा तेवढे होते आणि शिवी आपल्यालाच दिली असं समजून ते जागच्या जागी थबकले होते. त्यांची माफी मागायला लेखक पुढं निघाला, तर उजवा पाय जमिनीला टेकायचा, पण अंग पुढं ढकलायचा नाही. दुखत होतं, पण फार नाही. ओलं फडकं टाकावं तसं पाऊल पडत होतं.

(बँकेत बत्तीस वर्षं लेजर लिहिलेल्या माणसाला ‘मी’ म्हणून गाऱ्हाणं मांडता येत नाही. अर्जातसुद्धा तो ‘अर्जदार’च असतो. म्हणून इथंही तो ‘प्रस्तुत लेखक’.)

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी लेखकाला पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर काढली आणि डावी पोटरी मुठीत धरून दाबली. डावं पाऊल हललं. उजवी दाबली. पाऊल तसंच लोंबत राहिलं. “टाचेची शीर तुटलीय, काका.” आपण जिला शीर म्हणतो ती खरं म्हणजे कंडरा, पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधणारी दोरी. शरीरातली ही सगळ्यांत जाड कंडरा सपाट रस्त्यावर साधं चालताना सहसा तुटत नाही. म्हणून डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

“महिन्याभरात काही अँटिबायोटिक घेतलं होतं का?”

“घेतलं होतं.”

“कुठलं?”

“केशरी.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ज्या माणसाला १९९४ सालच्या कर्जखात्यांचे नंबर आजही पाठ आहेत, त्याला पाच दिवस रोज गिळलेल्या गोळीचं नाव माहीत नव्हतं. पाय तुटल्याचं दुःख नंतर झालं. त्या टेबलावर पालथं पडल्यापडल्या झाली ती लाज.

घरी बायकोनं स्टीलच्या डब्यातून उरलेली एक गोळी काढली. पुडी संपल्यावर “लागली तर असू द्या” म्हणून कंपाउंडरनं जादा दिलेली. स्ट्रिप कात्रीनं कापलेली होती. कंपनीचं नाव दुसऱ्या तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर. या तुकड्यावर एक उभी लाल रेघ आणि नावाचं शेपूट तेवढं उरलं होतं: ‘...फ्लॉक्सासिन ५०० मि.ग्रॅ.’ हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “लिव्होफ्लॉक्सासिन असणार. आणि पुडीतल्या त्या दोन पांढऱ्या बारक्या गोळ्या? सकाळी नाश्त्यानंतरच घ्यायला सांगितल्या होत्या? मग ते स्टेरॉइड.” वय त्रेसष्ट, सोबत स्टेरॉइड आणि फ्लॉक्सासिन. धोक्याच्या तीन खुणा एका कागदी पुडीत बांधून दिल्या होत्या आणि पुडीवर पेन्सिलीनं फक्त ‘१-०-१’ लिहिलं होतं.

हे गुपित होतं म्हणावं तर तसंही नाही. फ्लुरोक्विनोलोन या घराण्यातली औषधं, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही मंडळी, कंडरांना इजा करू शकतात म्हणून अमेरिकेतल्या ‘पब्लिक सिटिझन’ या संस्थेनं २००६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाकडे अर्ज केला. दाद लागेना तेव्हा २००८ च्या जानेवारीत ती कोर्टात गेली. त्याच वर्षी जुलैत प्रशासनानं या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. अमेरिकेत औषधाला मिळणारा हा सर्वांत कडक इशारा. साठीच्या पुढचे, स्टेरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुसाचं रोपण झालेले यांना धोका जास्त, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. २०१६ मध्ये त्याच प्रशासनानं सांगितलं, की सायनस, साधा ब्रॉन्कायटिस आणि लघवीचा साधा संसर्ग यांसाठी दुसरा इलाज असेल तर ही औषधं देऊच नका. युरोपनं २०१८-१९ मध्ये त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या. ब्रिटननं जानेवारी २०२४ मध्ये तर दुसरं कुठलंच अँटिबायोटिक योग्य नसेल तरच, इथवर गोष्ट आणली.

आणि लेखकाला झालं काय होतं? खोकला. सोलापूरच्या हवेत डिसेंबरात कुणाला होत नाही तो खोकला. ताप नव्हता, धाप नव्हती. बहुतेक वेळा असा खोकला विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक काडीचं चालत नाही.

गोळ्यांच्या तिसऱ्या दिवशीच दोन्ही टाचांच्या मागं ठणका सुरू झाला होता, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. पुडी दिलेल्या दवाखान्यात फोन केला. फोन कंपाउंडरनं उचलला, आत विचारून आला आणि म्हणाला, “काय नाही होत ओ काका, थंडीचं असतंय. दुखायची गोळी घ्या आणि कोर्स पूर्ण करा.” दुखायची गोळी घेतली. बायकोनं रात्री तिळाचं तेल चोळून दिलं. ठणका दबला, कोर्स पूर्ण झाला, खोकला त्याच्या मर्जीनं गेला आणि गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी तलावाकाठी ती अदृश्य काठी बसली. औषध बंद केलं म्हणजे सुटलो असं नसतं. ही इजा कोर्स चालू असताना होऊ शकते, तशी संपल्यावर काही महिन्यांनीही.

प्लास्टर घातल्यावर लेखक रिक्षा करून त्या दवाखान्यात गेला. भांडायला नव्हे, नाव लिहून घ्यायला. दवाखाना आणि डॉक्टर दोघांची नावं इथं मुद्दाम देत नाही. डॉक्टरांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “वय झालंय काका. या वयात शिरा कमकुवत होतातच. रोज पंचवीस जणांना देतो ही गोळी, एकाचंही काही झालं नाही.” लेखकानं विचारलं, झालं असेल तर ते तुमच्याकडे येतील की हाडांच्या डॉक्टरांकडे? यावर ते म्हणाले, “मोबाइलवर वाचून येत जाऊ नका.” बाहेर बाकावर सात-आठ माणसं होती. त्यातली एक बाई विडीच्या कारखान्यातून थेट आलेली असावी, मांडीवर सूप होतं. सगळ्यांच्या हातात तसल्याच पुड्या. लेखकाला त्या क्षणी काय वाटलं ते छापण्याजोगं नाही.

एका बाबतीत त्या डॉक्टरांना न्याय द्यायला हवा: कंडरा तुटणं खरोखरच दुर्मीळ आहे. रोज पंचवीस जणांना देऊन वर्षानुवर्षं काहीच न दिसणं शक्य आहे. पण दुर्मीळ गोष्ट कुणाच्या तरी वाट्याला येतेच. ती कुणाच्या वाट्याला येण्याचा संभव जास्त, हे आधीच माहीत असताना वय विचारायला किती वेळ लागतो?

बँकेतल्या माणसाची खोड म्हणून लेखकानं मग नियम पाहिले. भारतात १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झालं. त्यात ४६ औषधं घातली गेली, लिव्होफ्लॉक्सासिन त्यातलं एक. मेडिकलवाल्यानं हे औषध विकताना चिठ्ठी पाहायची, आणि डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवरची ती उभी लाल रेघ फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोहिमेतली. तिचा अर्थ एवढाच, की चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका. आपल्याकडे महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी चिठ्ठी आणि दुकानात हजर असलेला फार्मासिस्ट या दोन गोष्टींचा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी केवढा गदारोळ केला होता, ते वाचकांना आठवत असेल.

पण पुडी मेडिकलमधून आलेलीच नव्हती. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतो, त्याला दुकानाचा परवाना लागत नाही. ही सूट ‘शेड्यूल के’मधली. लेखकाला वाटलं, संपलं प्रकरण. मग त्यानं अटी वाचल्या. शेड्यूल एचमधली औषधं अशी द्यायची तर पाकिटावर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस हवा. औषधाचं नाव, रुग्णाचं नाव आणि तारीख रजिस्टरमध्ये हवी. नोंदीचा क्रमांक पाकिटावर हवा. बत्तीस वर्षांत इतकं नेटकं व्हाउचर लेखकानंही क्वचितच पाहिलं असेल. त्याच्या पुडीवर होतं ‘१-०-१’.

तर आता ज्यांना पाय शाबूत ठेवायचेत त्यांच्यासाठी.

नाव विचारा. “गोळी कुठली?” असं नुसतं नको, “लिहून द्या” म्हणा. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहावं, हे मेडिकल कौन्सिलच्या नियमांत २०१६ पासून आहे, त्यामुळं यात आगाऊपणा काही नाही. मेडिकलवाला स्ट्रिप कापायला लागला तर आधी अख्ख्या स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढा, पुढून आणि मागून. तो हसेल. हसू द्या.

नावाचं शेपूट ‘फ्लॉक्सासिन’ असेल तर न विचारताही पाच गोष्टी सांगून टाका: वय साठच्या वर आहे का, स्टेरॉइड चालू आहे का (दम्याच्या माणसांनी विशेष), मूत्रपिंडाचा त्रास आहे का, पूर्वी कंडरा दुखावली होती का, आणि घरात कुणाची महाधमनी फुगल्याचा इतिहास आहे का. शेवटचं विचित्र वाटेल, पण २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेनं त्याबद्दलही इशारा दिला आहे.

मधुमेह्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू असताना ही औषधं घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, बेशुद्धीपर्यंत. घाम, थरथर, डोकं गरगरणं याला ‘अँटिबायोटिकची उष्णता’ म्हणून ताक पीत बसू नका. साखर तपासा, गूळ-साखर तोंडात टाका आणि डॉक्टरांना गाठा.

ताकावरून आठवलं. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दूध-दह्याबरोबर घेतलं तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि गोळी वाया जाते. लिव्होफ्लॉक्सासिनला दुधाची एवढी अडचण नसते. पण पित्तावरचं पातळ किंवा चघळायचं औषध, लोहाच्या गोळ्या, झिंक यांच्यात आणि त्याच्यात दोन तासांचं अंतर ठेवावंच लागतं. शेंगाचटणी खाऊन वर ते गुलाबी पातळ औषध पिणाऱ्या आपल्या गावाला हे सांगणं भाग आहे. सकाळच्या पॅन्टोप्राझोलनं असं होत नाही.

टाच, खांदा, मनगट कुठंही नवा ठणका उठला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. कंपाउंडरशी नव्हे. दुखायची गोळी घेऊन फिरायला जाऊ नका, तेल चोळू नका. शिवाय या दुखायच्या गोळ्यांतल्या काहींबरोबर फ्लॉक्सासिन घेतलं तर झटके येण्याचा धोका वाढतो. हातापायांत मुंग्या, झोप उडणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं ही लक्षणंही तिथूनच आलेली असू शकतात. छातीत, पोटात किंवा पाठीत एकदम जीवघेणी कळ आली तर सरळ मोठं रुग्णालय. एप्रिल-मेमध्ये कोर्स चालू असेल तर दुपारचं ऊन टाळा. या औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. पाणी भरपूर प्या, नळाला चार-पाच दिवसांनी आलं तरी. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका वगैरे तुम्हांला माहीतच आहे.

आणखी एक, आणि हे पायापेक्षा मोठं आहे. लिव्होफ्लॉक्सासिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या उपचारांतलं मोलाचं औषध आहे. साध्या खोकल्याला ते दिलं आणि खोकला मुळात क्षयाचा असला, तर चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू त्या औषधाला सरावतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणारा क्षय चार रुग्णांत आढळल्याचं कळवलं, त्यावरून २०१२ च्या जानेवारीत केवढी खळबळ उडाली होती. या क्षयाला दिलेल्या नावावरून सरकारशी वाद झाला, रुग्ण मात्र खरे होते. बाकावरच्या त्या विडीवालीचा खोकला किती दिवसांचा होता, हे लेखकाला आजही विचारावंसं वाटतं. दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी थुंकी तपासायची, गोळी मग.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यंदा खिडकीतून ऐकली. नंदीध्वजांच्या काठ्या गेल्या, लेखक प्लास्टर उशीवर ठेवून बसला होता. फेब्रुवारीत हाडांच्या डॉक्टरांनी स्वतःहून औषधाच्या दुष्परिणामाचा सरकारी फॉर्म काढला. आपल्याकडे २०१० पासून अशी नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही तक्रार कळवता येते. डॉक्टर एकेक रकाना भरत गेले. वय, वजन, औषध, डोस, कधी सुरू, कधी बंद. लेखकानं तारखा घडाघडा सांगितल्या.

“बॅच नंबर?”

लेखकानं खिशातून तो तुकडा काढला, उलटा करून पाहिला. बॅच नंबर दुसऱ्या तुकड्यावर होता.