आधी एका मिनिटाचा व्हिडिओ सेव्ह करून बघा

10 जानेवारी 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज मूव्ही मेकर बंद केले. 2000 साली विंडोज मिलेनियमबरोबर आलेल्या या छोट्या सॉफ्टवेअरवर अनेक घरांतली बारशी, सहली आणि स्नेहसंमेलने जोडली गेली होती. ते अधिकृतपणे मिळेनासे झाले, तरी लोक शोधत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने एक फसवणूक उघडकीला आणली. मूव्ही मेकरच्याच नावाची एक बनावट वेबसाइट गुगलच्या शोधात अगदी वर दिसत होती. तिथून उतरवलेले सॉफ्टवेअर चालायचे, क्लिपही जोडू द्यायचे. तयार झालेला व्हिडिओ सेव्ह करायला गेले की मात्र 29.95 डॉलर मागायचे. मूळ सॉफ्टवेअर तर फुकट होते!

ती उघड लबाडी होती. पण पैसे मागण्याची जागा नेमकी हेरलेली होती. रात्री जागून केलेले काम पडद्यावर तयार असते, कार्यक्रम तोंडावर आलेला असतो. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही. सरळ व्यवहार करणाऱ्या बऱ्याच कंपन्याही मोफत आवृत्तीत याच टप्प्यावर हात पुढे करतात. अटींमध्ये तसे लिहिलेले असते, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही. घरच्या माणसाला मात्र ते कळते सगळ्यात शेवटी.

नाशिकच्या माझ्या मावसबहिणीचे असेच झाले. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला दाखवण्यासाठी तिला एक फिल्म करायची होती. साहित्य भरपूर होते. थोरल्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेली, अल्बममधले फोटो स्कॅन केलेले, भाचरांनी फोनवरून पाठवलेल्या शुभेच्छा. तिने लॅपटॉपवर एक चकचकीत मोफत सॉफ्टवेअर घेतले. काम झाले, सेव्ह केले, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरून आडवे कंपनीचे नाव, म्हणजे वॉटरमार्क, आले. ते काढायचे तर वार्षिक वर्गणी. ‘सात दिवस मोफत’ अशी सोय दिसली म्हणून तिने कार्डाचा नंबर भरला. सोहळा छान झाला, नंतर सॉफ्टवेअर काढूनही टाकले. पुढे वर्षाचे पैसे खात्यातून गेले, कारण सॉफ्टवेअर काढले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला कळवावे लागते, आणि त्याला नकार देण्याची सोयही द्यावी लागते. तो संदेश तिच्याही फोनवर आला होता. जाहिरातींच्या गर्दीत तो वाचायचा राहिला. म्हणून मोफत मुदत घ्यायचीच असेल, तर काम संपले की त्याच दिवशी वर्गणी रद्द करावी आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून मंजुरी उरली नाही ना, ते पाहावे.

तिला 4केची महागडी योजनाही सुचवली जात होती. ती घेतली नाही हे बरे केले. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटवरील पाल या टीव्ही पद्धतीच्या चित्रात जेमतेम 576 रेषा असतात. ते 4केमध्ये सेव्ह केले तर फाइल फुगते, चित्रात नवा तपशील येत नाही. जुन्या कॅसेटसाठी खरी गरज असते ती ‘डीइंटरलेस’ या सोयीची. हालचाल झाली की कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या तिने जातात. जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो.

एवढ्यासाठी सॉफ्टवेअर घेतल्या घेतल्या एका मिनिटाची चाचणी करावी. कॅसेटचा एक तुकडा, फोनवरची एक क्लिप, एक फोटो, थोडे संगीत आणि मराठीतले एक टायटल. लगेच सेव्ह करायचे आणि जिथे दाखवायचे आहे त्याच टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर लावून पाहायचे. वॉटरमार्क, वर्गणी, आवाज, सगळे या एका मिनिटात उघडे पडते. फोनवरच्या काही क्लिपमध्ये बोलणे आणि ओठ यांचा मेळ हळूहळू सुटत जातो, कारण फोन चित्रीकरण करताना दर सेकंदाच्या चौकटी कमीजास्त करत असतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून अशी क्लिप स्थिर वेगात बदलून घेतली की अडचण मिटते.

मराठी टायटलवर मुद्दाम थांबायला हवे, कारण सॉफ्टवेअरच्या इंग्रजीतल्या तुलनांमध्ये हा मुद्दा सहसा येत नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार सरकतो. ‘हार्दिक’ लिहावे तर पडद्यावर ‘हादिर्क’ उमटते. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या सन्मानाच्या फिल्ममध्ये त्यांचेच नाव चुकीचे दिसणे मला तरी वॉटरमार्कपेक्षा वाईट वाटते. चाचणीसाठी ‘हार्दिक’, ‘ज्येष्ठ’, ‘कृष्णा’, ‘श्री’ असे शब्द टाकून बघावेत. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा मोफत युनिकोड फाँट वापरावा. तरीही अक्षरे मोडली, तर टायटल दुसरीकडे लिहून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रासारखे व्हिडिओवर ठेवावे. फोटो लावता येणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा मार्ग चालतो.

आता नावे. अ‍ॅपलचा संगणक किंवा आयफोन असेल तर आयमूव्ही पुरेसे आहे. 2017 पासून ते सर्वांना मोफत आहे. विंडोज 11 मध्ये क्लिपचँप येते. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 2021 मध्ये विकत घेतली. मोफत आवृत्तीतून 1080पीपर्यंतचा व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय निघतो, मात्र त्यातल्या ‘प्रीमियम’ खूण असलेल्या चित्रांना किंवा संगीताला हात लावू नये. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत: वॉटरमार्क नाही, वर्गणी नाही, खाते उघडायला नको. घरगुती कामासाठी माझी पसंती शॉटकटला. पहिल्या संध्याकाळी ते रुक्ष वाटते, पण फोनची अडचणीची क्लिप आली की ते स्वतःच ती बदलून घेऊ का, असे विचारते.

दाविंची रिझॉल्व्ह हे ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे. त्याची मोफत आवृत्ती थक्क करणारी आहे आणि 295 डॉलरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यावी लागते. चित्रपटसृष्टीतली माणसे ते वापरतात, म्हणून पुष्कळजण सुचवतातही. पण त्याला 16 जीबी रॅम आणि बरे ग्राफिक्स कार्ड लागते. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ते आणून बसवणे म्हणजे फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी नवा संगणक घेण्याची तयारी करणे. अडोबीच्या प्रीमियर एलिमेंट्सचेही पैसे एकदाच भरायचे असतात, पण 2025 च्या आवृत्तीपासून तो परवाना तीन वर्षांचाच झाला आहे.

फोनवर काम करणाऱ्यांनी 29 जून 2020 आठवावा. केंद्र सरकारने त्या दिवशी 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉकबरोबर त्यात व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे अ‍ॅपही होते. अ‍ॅपच्या आत अर्धवट राहिलेले काम अ‍ॅपच्याच भरवशावर असते. तेव्हा मूळ क्लिप वेगळ्या जपाव्यात आणि तयार झालेला भाग वेळच्या वेळी बाहेर काढून ठेवावा.

संगणकावरही प्रोजेक्ट फाइल म्हणजे फक्त कापाकापीची नोंद असते. मूळ क्लिप डेस्कटॉपवरून हलवल्या किंवा पेन ड्राइव्ह काढला, की तिथे रिकाम्या चौकटी दिसतात. सुरुवातीलाच एक फोल्डर करून सगळ्या क्लिप, फोटो आणि गाणी त्यात कॉपी करावीत आणि फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. तयार फिल्म परगावच्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना गॅलरीतून न निवडता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. 2 जीबीपर्यंतची फाइल तशी जाते आणि चित्राचा दर्जा घटत नाही.