सर्व्हिसिंग झालेली गाडी दुसऱ्याच दिवशी परत आली, तर?
तुमचं गॅरेज नवीन आहे आणि काल दिलेली गाडी आज परत दारात. ग्राहक म्हणतो, "तुमच्याकडे यायच्या आधी चांगली होती." अशा वेळी "हे आधीचंच असेल" हे वाक्य गिळून टाका. (असेलही खरं, पण ते जॉबकार्डावर दिसायला हवं.)

आधी विचारा: कधीपासून होतंय, इंजिन थंड असताना की गरम? मग काल जिथे हात लागला, तिथूनच सुरुवात करा. समजा, एअर फिल्टर बदलला होता आणि आता चेक इंजिनचा लाइट पेटलाय, आयडलिंग वर-खाली होतंय. फिल्टर बॉक्सच्या क्लिपा, पाइपचा क्लॅम्प, सेन्सरचा कनेक्टर बघा. एअरफ्लो सेन्सरच्या पुढचा क्लॅम्प सैल राहिला, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि इंधन कमी पडतं. स्कॅनरवर पी ०१७१ कोड येऊ शकतो. तेवढ्यावरून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगू नका, ग्राहक जातो तो इथेच!

चाकाचं किंवा ब्रेकचं काम केलं असेल, तर टेस्ट ड्राइव्ह नंतर. आधी जागेवरच नट टॉर्क रेंचने तपासा, पेडल दाबून बघा.

चूक आपली निघाली तर पैसे घ्यायचे नाहीत. नसेल, तर दोष गाडीपाशी नेऊन दाखवा, मगच एस्टिमेट द्या.

आणि उद्यापासून गाडी आत घेतानाच, इंजिन चालू असताना डॅशबोर्डचा फोटो काढा. किलोमीटर आणि पेटलेले लाइट, दोन्ही त्यात येतात.