दार लोटून पाहिलेला सिनेमा

अगं, आवाज बारीक करून, दार लोटून पाहिलास ‘टँगल्ड’? आणि नवऱ्याने विचारलं तर लेकीचं नाव पुढे केलंस, ती तर केव्हाच झोपली होती! बघ, पस्तिशीच्या बाईला राजकन्येचा सिनेमा आवडला, यात लपवण्यासारखं काय आहे? मला तो फार आवडतो आणि मी तो सगळ्यांना बघायला सांगत असते.

खरं सांगू का, पहिल्या वेळी माझी चूक झाली. मुलांना लावून दिला आणि मी मागे बसून कपड्यांच्या घड्या घालत राहिले. त्यात राजाराणीचा प्रसंग निसटला. अठरा वर्षांपूर्वी पळवून नेलेल्या लेकीचा वाढदिवस असतो, कंदील सोडायचे असतात. राजा नुसता उभा असतो. राणी त्याच्याकडे बघते, त्याच्या गालावर ओघळलेलं पाणी हाताने पुसते. एक शब्द नाही, गाणं नाही. मुलांचं तिकडे लक्षच नसतं गं, त्यांना कंदील हवे असतात. दुसऱ्या वेळी तो प्रसंग पाहिला आणि उठून लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आले.

आणि तू म्हणालीस ना, पाहून झाल्यावर अपराधी वाटलं, सिंकमध्ये भांडी तशीच होती, डब्याची भाजी चिरायची राहिली होती? मग ती पळवून नेलेली लेक, रॅपन्झेल, मनोऱ्यातून उतरते ते परत बघ. पाय गवताला लागतात आणि ती आनंदाने पळत सुटते. लगेच आईला काय वाटेल म्हणून रडकुंडीला येते. परत उड्या, परत गवतात पालथी पडून स्वतःलाच दूषणं. तुझंच चाललंय ना हे? दोन तास स्वतःसाठी काढले, की आपलं मन असंच झुलतं. ज्याने हे सुचवलं त्याने बायका जवळून पाहिल्यात.

तिला पळवून नेऊन आई म्हणून वाढवणारी गोथेल तर मोठ्या माणसालाच कळते. ती त्या पोरीला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. आवडीचं सूप करून घालते. पण लाडालाडातच सांगते, तू भोळी, बाहेर तुझा निभाव लागायचा नाही. आणि पोर जरा बोलली, की वाईटपणा माझ्यावरच, म्हणून रुसते. तिचा जीव आहे तो त्या पोरीच्या केसांत, कारण त्यांच्यामुळे ती तरुण राहते. अशी माया आपण ओळखायला शिकायला हवी, आणि आपल्या लेकींशी बोलतानाही आठवायला हवी. मी आठवते.

केसांवरून सांगते, ते ७० फूट लांब आहेत, आणि संगणकावर ते खऱ्यासारखे हलावेत म्हणून माणसं वर्षानुवर्षं खपलीत. २०१० चा हा डिस्नेचा ५०वा अ‍ॅनिमेशनपट. ‘द लिटल मरमेड’ची एरियल हाताने रेखाटणारा ग्लेन कीन यात होता. मोठ्या माणसांनी इतकं जीव ओतून केलेलं काम मोठ्या माणसांनी बघायचं नाही, हे कुणी ठरवलं?

तर आता असं कर. सिनेमा १०० मिनिटांचा आहे. शनिवारी दुपारी कणीक मळून फ्रीजमध्ये ठेव, कुकर आधीच उतरव, आणि घरात सरळ सांग, मी सिनेमा बघतेय. सासूबाईंनाही बसव शेजारी. ती पोर तवा घेऊन चोराला आडवा करते तिथे त्या नक्की खूश होतील. तुला जमतं गं सगळं, फक्त परवानगी मागायची सवय सोड.

शेवटाकडे रॅपन्झेल पलंगावर पडून छताकडे, भिंतींकडे बघते ना, तेव्हा हातातला चहा खाली ठेव. तिने स्वतःच रंगवलेल्या भिंती आहेत त्या. इतकी वर्षं तिच्याच हातून त्यांत राज्याचं चिन्ह असलेला सूर्य उतरत होता, आणि तो तिला त्या दिवशी दिसतो. मोज, किती ठिकाणी आहे ते. मला सात सापडले की आठ, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. संध्याकाळी फोन कर आणि तुझा आकडा सांग.