रात्रीच्या गळाचा शेंडा

पैनगंगेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याला उन्हाळ्यात दिवसापेक्षा रात्रच अधिक लाभदायक ठरते, कारण चैत्र-वैशाखात आमच्या झरी जामणी तालुक्यातील ऊन इतके प्रखर असते की मासे दिवसभर डोहाच्या तळाशी दडून राहतात आणि दिवेलागणीनंतर काठचे पाणी थोडे निवले म्हणजेच उथळाकडे चरावयास येतात. त्यातही शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे तर स्वभावतःच निशाचर असून, मिशांच्या स्पर्शाने आणि गंधाने भक्ष्य हुडकणाऱ्या त्यांना अंधाराची काहीच अडचण नसते. अडचण असते ती काठावर बसलेल्या माणसाला. पाण्याखाली आमिषाचे काय चालले आहे याची पहिली खबर काठीचा शेंडा देतो, आणि तोच शेंडा अमावास्येच्या आगेमागे हातभर अंतरावरूनही दिसेनासा होतो. तो दिसता कसा करावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु त्याचा अर्धाच विचार झाल्यामुळे एका माणसाचा उजवा हात कायमचा अधू होण्याची वेळ आली होती, हे मी प्रत्यक्ष पाहिले असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अवश्य वाटते.

मुकुटबनहून दक्षिणेस गेले म्हणजे जिल्ह्याची हद्द जेथे संपते तेथे पैनगंगा वाहते. पलीकडच्या तीरावर पूर्वी निजामाचा मुलूख होता, आज तेलंगण आहे. भूशास्त्रज्ञ ज्याला पैनगंगा समूह म्हणतात तो अतिप्राचीन चुनखडक या भागात विपुल आहे, आणि त्याच्याच भरवशावर मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे. नदीकाठी या खडकाच्या सपाट लाद्या पसरलेल्या असतात व पाण्यालगत त्यांच्यावर शेवाळ धरलेले असते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तेथे पाय ठरत नाही. अशाच एका जागी वणीचा माझा मावसभाऊ आणि मी बसलो होतो. त्याने काठीच्या टोकाला अडकवावयाचा हरभऱ्याएवढा हिरवा विजेचा दिवा मुद्दाम मागवून आणला होता. तो शेंड्याला लावून, काठी बेचक्यात ठेवून, बाकीचे सगळे उजेड त्याने विझवले. चंद्र नव्हता, वारा नव्हता. थोड्याच वेळात तो माझा दंड धरून म्हणाला, “लागला भाऊ! पाह्य ना, कसा ओढून रायला!” मी पाहिले, आणि खरोखरच तो हिरवा ठिपका आधी खाली व मग डावीकडे सरकत असलेला मलाही दिसला.

त्याने झेप घेऊन हिसका दिला. गळ रिकामा, गांडूळ जसेच्या तसे. पुन्हा टाकले, पुन्हा ठिपका सरकला, पुन्हा हिसका. असे होता होता त्याचा धीर सुटला, आणि शेवटच्या खेपेला उठून धावताना त्याचा पाय शेवाळलेल्या लादीवरून घसरला, काठी हातून सुटली, आणि परत उडालेला गळ अंगठ्याच्या मुळाशी असा रुतला की त्याचा उलटा काटा मांसात पूर्ण गडप झाला. तो ओढून काढण्याचा आग्रह त्याने फार धरला, परंतु उलट्या काट्याचा गळ मागे ओढला म्हणजे मांस आणि शिरा फाडीतच बाहेर येतो. म्हणून दोरी कापून, हात रुमालाने बांधून मी त्याला तसाच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जागा बधिर करून गळ पुढच्या बाजूने काढला, काटा कापला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. अंगठा नीट वळू लागावयास पुष्कळ दिवस लागले.

मासा एकदाही लागला नव्हता. मग दोघांच्याही डोळ्यांना हालचाल का दिसावी? याचे उत्तर मला पुढे वाचनात सापडले. गडद अंधारात एकच स्थिर प्रकाशबिंदू टक लावून पाहत राहिल्यास तो काही वेळाने सरकू लागल्याचा भास होतो, आणि हा भास निरोगी दृष्टीच्या माणसालाही होतो. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या थोर जर्मन प्रवाशाने १७९९ साली तारे असे डोलताना पाहिले व ती ताऱ्यांचीच हालचाल मानली. हा दोष आकाशाचा नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आहे, हे उलगडावयास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. आपले नेत्रगोलक कधीच पूर्ण स्थिर नसतात. उजेडात आजूबाजूच्या वस्तूंच्या आधाराने मेंदू वस्तूचे स्थान निश्चित करतो, पण अंधारात तो आधारच नाहीसा होतो. शेजारच्याने “हलला” म्हटले की आपल्यालाही तो तसाच हललेला दिसतो, हे १९३५ साली मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवून दिले. आम्हा दोघांचे त्या रात्री नेमके हेच झाले होते.

उपाय यातूनच निघतो, आणि मला जे सांगावयाचे आहे त्यात हाच मुख्य आहे: शेंड्यावर एकटी खूण कधीही ठेवू नये. शेंड्याच्या खुणेबरोबर दुसरी एक न हलणारी खूण तिच्या निकट असावी. त्यासाठी काठीच्या शेंड्याला अगदी लागून, पण तिला स्पर्श न करता, जमिनीत एक सरळ कामटी रोवावी आणि तिच्यावर त्याच उंचीला तशीच खूण करावी. दोन्ही खुणांतील अंतर बदलले तरच मासा, एरवी भास. पाण्यावर शेंडा लांब पुढे येत असल्यामुळे कामटी रोवणे अशक्य असेल, तर निदान काठीवरच शेंड्यापासून वीतवीत अंतरावर तीन पट्टे द्यावेत, म्हणजे शेंडा वाकला की सरळ रेषेतील पट्ट्यांची कमान झालेली दिसते, आणि कमान डोळ्यांना सहसा फसवीत नाही.

आता खुणा कशाच्या कराव्यात हे पाहू. चांदणे असेल तर पांढरा रंग पुरतो. आमच्याकडील जुनी माणसे पांढऱ्या चिंधीचे वेढे देत. वाहनांच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानात ‘रेडियम’ म्हणून मिळणारी पट्टी स्वस्त व टिकाऊ आहे, आणि तिच्यात रेडियम मुळीच नसल्यामुळे भिण्याचेही कारण नाही. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी आलेला प्रकाश जेथून आला तेथेच परत धाडतात. मात्र याच गुणामुळे, बॅटरी जमिनीवर ठेवून डोळे हातभर वर राहिले तर परतलेला प्रकाश बॅटरीकडे जातो, आपल्याकडे येत नाही, आणि पट्टी निकामी असल्याचा समज होतो. कपाळावर बांधावयाची बॅटरी अगदी मंद करून वापरली की तीच पट्टी झळाळून उठते. झोत शेंड्याकडे वरच असावा. उथळ पाण्यावर फिरवला तर काठाशी आलेले मासे बुजतात.

मोडून चमकवावयाची प्लास्टिकची कांडी, जिला ग्लो स्टिक म्हणतात, तीही चांगली. तिच्या आत काचेच्या बारीक नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते, भोवती दुसरे रसायन व रंग. नळी फुटली की दोन्ही मिसळून उष्णतेविना प्रकाश होतो. पौषाच्या थंडीत ती मंद पण अधिक वेळ जळते, वैशाखात तेजस्वी पण लवकर विझते. ती दाताने कधीही मोडू नये, कारण आतील द्रव डोळ्यांत गेल्यास भयंकर आग होते. आणि विझलेली कांडी नदीत टाकणे हा तर निव्वळ अपराध आहे. विजेचा दिवा लावावयाचा असल्यास तो हलका असावा, नाहीतर त्याच्या वजनाने शेंड्याची लवच मरते.

दिवा कितीही उत्तम असला तरी अंधाराला डोळा सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की तो सराव बराचसा वाया जातो, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी बुबुळाच्या मागील पडद्याच्या ऐन मध्यभागी नसतात, म्हणून अस्पष्ट शेंड्याकडे रोखून पाहण्याऐवजी किंचित बाजूला नजर ठेवली म्हणजे तो अधिक स्पष्ट दिसतो. याच पेशी हिरवट-निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्यामुळे शेंड्याची खूण हिरवी, आणि आमिष लावण्यासाठी जवळ ठेवावयाचा उजेड मात्र तांबडा, अशी तजवीज मी करतो. शेंड्याला घुंगरू बांधण्याची रीत जुनी आहे, ती सोडू नये. पण वारा सुटला की ते कारणाविना वाजते, आणि मृगानंतर बेडकांच्या कोलाहलात ऐकूच येत नाही.

खुणांच्या नादात वर पाहणे राहून जाते. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा खालून गेलेल्या असतात, आणि हल्लीची कार्बनची लांब काठी विजेची उत्तम वाहक असते. म्हणून बसावयाची जागा उजेड असतानाच निवडावी, तारांपासून दूर निवडावी. नदीच्या वरच्या अंगाला ईसापूरचे धरण आहे. पाणी सोडल्याची खबर गावात विचारूनच निघावे, आणि काठाशी एक कामटी रोवून पाण्याची पातळी पाहत राहावे. टिपेश्वरचे अभयारण्य फार लांब नसल्यामुळे या मुलखात वाघाचा वावर आहे, तेव्हा एकट्याने बसू नये. तलावावर जावयाचे असल्यास तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो. तिच्या माणसांची परवानगी दिवसाच घ्यावी, आणि आपण कोठे बसणार आहोत तेही त्यांना सांगून ठेवावे.