सोमाटण्याहून जर्मनीला : लहान मुलांच्या कुटुंबासाठी आरोग्य सल्ला

लहान मूल घेऊन परदेशात राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षात होणारी दुखणी बहुतेक ओळखीचीच असतात : सर्दी, ताप, कोरडी कातडी, झोपमोड, आईचा थकवा. नवी असते ती मदतीची व्यवस्था. सोमाटणे फाट्यावर किंवा तळेगाव दाभाड्यात मूल संध्याकाळी तापले, तर ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा असतो, मेडिकलवाला सिरप काढून देतो आणि पुढचे सगळे घरातली आजी बघते. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या या पट्ट्यातून आता वाहन उद्योगातली आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतली तरुण जोडपी जर्मनीला जातात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने २००९ पासून आहेत. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी २०२४ मध्ये करारही केला. तिथे पोचल्यावर दवाखाना, मेडिकल आणि आजी या तिघांची जागा नव्याने भरावी लागते, आणि हे काम मूल आजारी पडण्याआधी व्हायला हवे.

निघण्यापूर्वीची तयारी म्हणजे मुख्यतः लसीकरणाची नोंद. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड असो वा खासगी डॉक्टरांची फाइल, प्रत्येक लसीचे नाव, तारीख आणि शिक्का स्पष्ट असावा. नसेल तर डॉक्टरांकडून एका कागदावर सगळे इंग्रजीत लिहून घ्यावे. लसीच्या बाटलीचे नुसते स्टिकर परदेशी डॉक्टरला पुरत नाही. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवरविरोधी लसीचा कायदा लागू आहे. एक वर्षावरील मुलाला पाळणाघरात घेताना एका डोसाचा आणि दोन वर्षांवरील मुलाला दोन डोसांचा पुरावा लागतो. भारतात सरकारी कार्यक्रमातली लस गोवर आणि रुबेला यांची असते, तिच्यात गालगुंडाची लस नसते. त्यामुळे तिकडचे डॉक्टर तिन्ही रोगांची लस पुन्हा सुचवतात. ती दिल्याने अपाय होत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस धरतच नाहीत. नवव्या महिन्यात डोस झाला असूनही पुन्हा टोचायला सांगितले, म्हणजे डॉक्टरने भारतातल्या लसीवर अविश्वास दाखवला असे नव्हे.

बीसीजीचा प्रकार उलटा आहे. भारतात ती जन्मतःच देतात, जर्मनीत १९९८ पासून तिची शिफारस नाही. दंडावरचा व्रण बघून तिथल्या परिचारिकेला प्रश्न पडू शकतो, आणि क्षयासाठी त्वचेवर केलेली चाचणी या लसीमुळे खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. रक्तावरची इग्रा चाचणी बीसीजीने फसत नाही. शंका असेल तिथे तीच मागावी.

पोचल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात आरोग्य विमा आणि डॉक्टर ही दोन कामे उरकावीत. जर्मनीतल्या वैधानिक विम्यात कमावत्या व्यक्तीबरोबर न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. खासगी विम्यात मात्र प्रत्येक माणसामागे वेगळा हप्ता असतो. जास्त पगार असणाऱ्यांना खासगी विम्याची मुभा मिळते आणि सुरुवातीला तो स्वस्तही वाटतो. पण लहान मुले असलेल्या एका पगाराच्या घराला वैधानिक विमाच बहुधा सोयीचा पडतो, आणि खासगीतून परत येणे अवघड असते. त्यानंतर घराजवळचा बालरोगतज्ज्ञ गाठून नाव नोंदवावे. मोठ्या शहरांत अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, म्हणून मूल धडधाकट असतानाच फोन करायला लागावे. मुलाला एक पिवळी वही मिळते. तिच्यात जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या ठरावीक तपासण्या नोंदवतात. अधल्यामधल्या वयाचे मूलही त्या वेळापत्रकात मध्येच शिरू शकते.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडी नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७, जिवावरच्या प्रसंगी ११२. ब्रिटनमध्ये याच कामांसाठी १११ आणि ९९९, अमेरिकेत तातडीला ९११. हे आकडे, घराचा पत्ता आणि 'मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे' हे एक वाक्य स्थानिक भाषेत लिहून फ्रिजवर चिकटवावे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा नवा पत्तासुद्धा आठवत नाही.

भारतातून गेलेल्या पालकांचा सगळ्यात मोठा हिरमोड तापाच्या वेळी होतो. तासभर बसून आत जावे, तर डॉक्टर मूल तपासतात, पाणी पाजा म्हणतात आणि अँटिबायोटिक न देता परत पाठवतात. यात हयगय नसते. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणे हे नेहमीचेच आहे, आणि ती दुखणी विषाणूंची असल्याने अँटिबायोटिकने बरी होत नाहीत. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन टोचून घेण्याची सवय आहे. ती इथेही सोडण्यासारखीच आहे. लक्ष ठेवायचे ते वेगळ्या खुणांवर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, श्वास घेताना बरगड्यांमध्ये पडणारे खळगे, आठ तास लघवी नाही, मूल मलूल होऊन उठवूनही नीट जागे होत नाही, किंवा अंगावर काच दाबली तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके : यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

औषधांच्या बॅगेत एक छुपा धोका असतो. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. पण पाच मिलिलिटर सिरपमध्ये भारतात १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असते, जर्मनीत सहसा २००, अमेरिकेत १६०. अमेरिकेत त्याचे नावही बदलते, ॲसिटामिनोफेन म्हणतात. सोमाटण्याच्या बाटलीवरचा 'एक चमचा' तिकडच्या बाटलीला लावला की मात्रा कमी-जास्त होणारच. म्हणून मिलिलिटरऐवजी मिलिग्रॅम लक्षात ठेवावेत आणि एका वेळी एकाच देशाची बाटली घरात ठेवावी. निमेसुलाइड तर नेऊच नये. १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतानेही ते २०११ मध्ये बंद केले आहे. गुटीत उगाळायची धातूंची भस्मे आणि घरचे-बाजारचे काजळ यांत शिसे किंवा पारा असू शकतो, तेही मागेच राहू द्यावे. नियमित औषधे न्यायची असतील तर मूळ वेष्टनात, औषधाच्या शास्त्रीय नावाच्या चिठ्ठीसह.

हिवाळ्याची भीती थोडी जास्तच बाळगली जाते. थंडीने आजार होत नाही. बंद खोल्यांत माणसे जवळजवळ राहतात म्हणून विषाणू पसरतात. खरी उणीव उन्हाची असते. सोमाटणे सुमारे १८.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्युनिक ४८ वर, हॅम्बुर्ग ५३ च्याही वर. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि सावळ्या कातडीला ते तयार करायला मुळातच जास्त ऊन लागते. तान्ह्या बाळाला जर्मनीत रोज ४०० ते ५०० युनिट ड जीवनसत्त्व पहिले वर्षभर आणि पुढच्या हिवाळ्यातही देतात. ते चुकवू नये. मात्र मोठ्यांसाठी भारतातून नेलेली ६०,००० युनिटांची पुडी मुलाला कधीही देऊ नये. आईवडिलांनी स्वतःची पातळी एकदा तपासावी. शाकाहारी घरात त्याच वेळी बी-१२ आणि हिमोग्लोबिनही पाहावे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईचे तर नक्कीच.

तापवलेल्या घरातली हवा कोरडी असते. कातडी फुटते, खाज सुटते, रात्री नाक चोंदते. अंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात, अंग ओलसर असतानाच तेल किंवा जाड मलम, आणि दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडणे एवढ्याने बरेच भागते. खिडकी न उघडता घरात कपडे वाळवले आणि रोज भात-वरणाची वाफ कोंडली, की भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या मुलाची खोकल्याची उबळ वाढते. फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा उद्योग अनेक मराठी घरांत होतो. तो करू नये. बाळंतिणीच्या शेक-शेगडीसाठी कोळसा पेटवणे तर बंद घरात प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाळाला दुलया आणि कानटोप्यांत गुंडाळून झोपवणेही धोक्याचे. पाठीवर, स्वतंत्र सपाट गादीवर, उशी-दुलईशिवाय, अंगात झोपपिशवी, खोली १६ ते २० अंश. मानेमागे हात लावून पाहावे, घाम असेल तर एक कपडा काढावा. गाडीत बसवताना फुगीर जाकीट उतरवावे, नाहीतर पट्टा सैल राहतो. फाट्यावरून स्कूटरच्या पुढ्यात मूल उभे करून नेणाऱ्या बापाला हे अती वाटेल, पण जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत योग्य आसन सक्तीचे आहे.

आजीची जागा भरणे सर्वांत कठीण. परदेशातले बाळंतपण म्हणजे माहेरपण नाही, डिंकाचे लाडू करणारे कोणी नाही आणि दिवसभर बोलायलाही कोणी नाही. जर्मनीत विम्यातर्फे सुईण बाळंतपणानंतर बारा आठवडे घरी येऊन आई-बाळाला पाहते. तिचे नाव गरोदरपणातच, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, पक्के करावे. आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत राहिले, बाळ झोपले तरी झोप लागेना, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर हा हळवेपणा नव्हे, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. नवऱ्याने स्वतः डॉक्टरांची वेळ घ्यावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला तर ११२. नोकरी सोडून आलेल्या जोडीदाराची, मग तो पुरुष का असेना, हीच घुसमट मूल मोठे असतानाही होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. अशा मंडळाचा गणपती औषधाच्या गोळीइतका उपयोगी पडलेला डॉक्टरांना ठाऊक असतो.

आजी-आजोबांना बोलावले, तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. जुन्या आजारांबाबत त्या विम्यात काय वगळले आहे ते वाचून घ्यावे, आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे पूर्ण मुक्कामाची द्यावीत.

नव्या शाळेत मूल काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहते. घरी ते मराठीत नेहमीसारखे बोलत असेल तर काळजी नको. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. घरीही बोलणे कमी झाले असेल तर मात्र ऐकण्याची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक आजार सुट्टीत येतो, आणि तो घरच्या वाटेवरच असतो. परदेशात जन्मलेले किंवा वाढलेले मूल पावसाळ्यात सोमाटण्याला आले की त्याला इथल्या पाण्याची आणि डासांची सवय नसते. आईवडिलांना मात्र आपल्याच घरी कसली काळजी, असे वाटते. टायफॉइड आणि कावीळ-अ यांच्या लसी निघण्याच्या महिनाभर आधी घ्याव्यात, मुलाला उकळून गार केलेले पाणी द्यावे, दिवसाही अंगभर कपडे आणि डासांचे मलम वापरावे. कुत्रे चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी, परतीचे विमान जवळ असले तरी. परत गेल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर भारतात राहून आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.