माठ, हजेरी आणि सरळव्याज

सप्टेंबर लागला की शिक्षक दिनाच्या भाषणांची बोलावणी येतात. निवृत्त बाई फुकटात मिळतात, शिवाय वेळेवर येतात! पण तिथल्या पाच मिनिटांत आमच्या सरांबद्दल काय सांगणार? 'ऋषितुल्य' वगैरे त्यांना ऐकवलं असतं तर म्हणाले असते, "आधी खडू आण." म्हणून त्यांच्याकडून जे उचललं आणि पुढे नोकरीभर स्वतःच्या वर्गात वापरून पाहिलं, ते इथे आकडे घालून लिहिते. जळगाव जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, संस्थेचं हायस्कूल, १९७० पासूनची काही वर्षं. सर गणित शिकवायचे.

१. समतेचा धडा घ्यायच्या आधी पिण्याच्या पाण्याची सोय बघावी.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन माठ असत. दुसरा कोणासाठी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. सर आले आणि दुसऱ्या माठातलं पाणी झाडांना जाऊ लागलं. प्यायला एक माठ, एक ओगराळं. पाणी भरायची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने. त्यामुळे पाटलांच्या मुलालाही विहिरीवरून बादली आणावी लागे आणि बौद्धवाड्यातल्या मुलालाही. त्या मुलाची पहिली पाळी आली तेव्हा निम्मा वर्ग माठाकडे फिरकला नाही. मार्चचं ऊन होतं. तिसऱ्या तासानंतर सगळे प्यायले.

दोनतीन पालक शाळेत आले. सरांनी त्यांना बसवलं, त्याच माठातलं पाणी दिलं आणि घटनेची मराठी प्रत उघडून पंधरावं कलम समोर धरलं. त्यात दुकानं आणि हॉटेलांबरोबर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असं सगळं नाव घेऊन सांगितलेलं आहे. "नाना, देशाच्या घटनेत विहीर आहे. आपल्या शाळेत का नको?" एवढंच म्हणाले. नाना पाणी प्यायले की नाही, ते आठवत नाही. मुलाचं नाव मात्र त्यांनी शाळेतून काढलं नाही.

मग १९७२चा दुष्काळ आला. गावात पाण्यावरून रोज भांडणं. बाबा आढावांच्या 'एक गाव, एक पाणवठा' मोहिमेची बातमी सर वर्तमानपत्रातून वाचून दाखवत. एके दिवशी फळ्यावर त्यांनी चार सन लिहिले. १९२३ : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा मुंबई विधिमंडळाचा ठराव. १९२४ : चवदार तळं खुलं केल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव. १९२७ : २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. १९३७ : हायकोर्टाचा निकाल. "पहिल्या ठरावापासून निकालापर्यंत किती वर्षं? करा वजाबाकी." चौदा हे उत्तर सोपं होतं. एवढी वर्षं का लागली, हे विचारायला वर्गातल्या एकीनेच हात वर केला. त्या दिवशी पुढचा भूमितीचा तास झालाच नाही.

२. उपकार आणि हक्क यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

शिष्यवृत्तीच्या दिवसांत ऑफिसातून क्लार्क वर्गात येई आणि ओरडे, "बीसीवाले उभे राहा!" मुलं मान खाली घालून उभी राहत. बाकीच्यांना वाटे, यांना सरकार फुकट काही देतंय. सरांनी हा प्रकार बंद केला. लायब्ररीच्या तासाला ते एकेकाला पुस्तक बदलायला बोलवत आणि तिथेच अर्ज भरून घेत. ईबीसीचे म्हणजे आर्थिक मागासांचे, बीसीचे म्हणजे मागासवर्गीयांचे, सगळेच. बाहेर कोणाला कळत नसे कोण कुठला फॉर्म भरून आला.

एकदा एका सधन मुलाने वर्गात मोठेपणाने सांगितलं, "सर, मी याला माझ्या शेजारी बसू देतो." सरांचा आवाज क्वचित चढे, तेव्हा चढला. "बसू देतो म्हणजे? बाक तुझ्या आजोबांचा आहे का?" मला वाटतं, सहिष्णुतेवरच्या आपल्या निम्म्या भाषणांना हा प्रश्न लागू पडतो. सहन करणारा स्वतःला यजमान समजतो, तिथेच सगळं बिनसतं.

३. दंगलीनंतर गप्प राहणं हेसुद्धा बोलणंच असतं.

मे १९७० मध्ये भिवंडी पेटली आणि लगोलग आमचं जळगावही. आमच्या गावात काही झालं नाही, पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बागवानांचा एक मुलगा पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सर सायकल घेऊन त्याच्या घरी गेले. ओट्यावर बसून चहा प्यायले, वडिलांशी आंब्याच्या भावाबद्दल बोलले आणि पोराला कॅरिअरवर बसवून निघाले. शाळेकडे येणारी मागची गल्ली जवळची होती. सर आले ते भर बाजारातून, प्रत्येक दुकानदाराला नमस्कार करत. दोघांना बघितलं नाही असं गावात कोणी उरलं नाही. वर्गात त्यांनी या विषयावर अवाक्षर काढलं नाही. फक्त लायब्ररीत साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' समोरच्या फळीवर आलं.

४. झाडू मुलींच्याच हातात का?

याला सरांनी उत्तर दिलं नाही, पाळी लावली. मुलांच्या आयांनीच कुरकुर केली, हे लिहून ठेवायला हवं.

५. हजेरी पहिल्या नावाने घ्यावी.

आडनावावरून जात ओळखायची आपली सवय जुनी. सर आडनाव घेत नसत. मी हे माझ्या वर्गात करून बघितलं तेव्हा चार सुनीता एकदम 'हजर' म्हणाल्या. शेवटी सुनीता एक, सुनीता दोन असं करावं लागलं. यात सरांशी माझा थोडा मतभेद आहे. दाखल्यावरचा जातीचा रकाना एक दिवस जाईल, असं त्यांना मनापासून वाटे. मी दाखले लिहिण्यात वर्षं घालवली. तो रकाना कोरा राहिला तर नुकसान नेमकं कोणाचं होतं, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय.

६. साने गुरुजींना नुसतं रडवं करून ठेवू नये.

सरांना याचा फार राग. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातला हा शिक्षक १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेला, तुरुंगात गेला, पुढे शेतकरी-कामगारांच्या लढ्यांत उतरला. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४७ च्या मे महिन्यात, विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसला. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून लोकांची मनं वळवली. सर तेव्हा सेवादलातले पोरगेलेसे सैनिक होते आणि त्या दौऱ्यातल्या एका सभेत त्यांनी सतरंज्या घातल्या होत्या. "लोक 'श्यामची आई' वाचून डोळे पुसतात आणि पंढरपूर विसरतात," असं ते म्हणत. मऊ माणूस हट्टी असू शकतो, हे आम्हाला सरांकडे बघून पटायचं.

७. आधी विषय नीट शिकवावा.

हे मी पहिलं लिहायला हवं होतं. गणित कच्चं ठेवून समतेच्या गप्पा मारणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या वर्गातली गरीब पोरं नापास होतात आणि सधनांची शिकवणीला जातात. सर पहाटे सहाला जादा तास घेत, फी न घेता. मुलं अहिराणीत प्रश्न विचारत आणि सर अहिराणीतच उत्तर देत.

सातवीत सरळव्याज आलं तेव्हा पुस्तकातली उदाहरणं संपवून ते म्हणाले, आता घरची आणा. शंभर रुपये, दरमहा शेकडा तीन, दोन वर्षं. व्याज बहात्तर, परत द्यायचे एकशे बहात्तर. एका पोराच्या घरून आलेल्या चिठ्ठीवर तेवढ्याच मुदतीचे दोनशे दहा लिहिलेले होते. त्याने उत्तर तीनदा तपासलं. पुढच्या आठवड्यात तीनचार बाप्ये आपापल्या चिठ्ठ्या घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे. उधारी देणाऱ्यांपैकी एकाचा संस्थेत वट होता. हा तास अभ्यासक्रमात कुठे बसतो, असा लेखी खुलासा सरांकडे मागवण्यात आला.

सरांनी एका ओळीत उत्तर पाठवलं : इयत्ता सातवी, गणित, सरळव्याज.