जॉन वेस्ली यांच्या रोजनिशींतील “व्हॅरनीस” कोण?

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचतांना आपण पुष्कळदां त्यांतील नांवें भरभर उरकून पुढें जातों. पर्सिस कोण, अंपलियात कोण, हें पौलास व पत्र ऐकणाऱ्यांस ठाऊक होतें. म्हणून त्यानें तें फोड करून सांगितलें नाहीं. आपणांपाशीं मात्र केवळ नांवें उरलीं. जुन्या रोजनिशीचीहि हीच गोष्ट आहे. ती लिहिणारा बहुधा स्वतःकरितां लिहितो. आपल्या ओळखीच्या माणसांची ओळख तो स्वतःलाच कशाला करून देईल? मग दोनशें वर्षांनीं वाचणाऱ्यानें तीं माणसें ओळखावीं कशीं? ह्याविषयींचा एक धडा आज आम्ही मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या रोजनिशीवरून घेतों.

वेस्लीसाहेब १७०३ सालीं जन्मले व १७९१ सालीं वारले. त्यांनीं स्वतः छापून प्रसिद्ध केलेलें रोजवृत्त निराळें व त्यांची खासगी रोजनिशी निराळी. ही खासगी रोजनिशी त्यांनीं १७२५ च्या एप्रिल महिन्यांत, ऑक्सफर्ड येथें असतांना, लिहावयास आरंभ केला. तींत शब्द तोडलेले आहेत, पुष्कळ मजकूर सांकेतिक खुणांनीं लिहिलेला आहे, आणि माणसांच्या नांवांऐवजीं अनेकदां एकदोन अक्षरेंच आहेत. नेहेमिया कर्नॉक यांनीं १९०९ ते १९१६ ह्या काळांत रोजवृत्ताची आठ भागांची जी आवृत्ति काढिली, तींत ह्या रोजनिशीचाहि बराच मजकूर उलगडून दिला. अक्षर लागलें, परंतु अक्षर लागलें म्हणजे माणूस लागलें, असें नव्हे.

अडचण अशी होती कीं, वेस्लींच्या तरुणपणच्या मित्रमंडळींत एकमेकांस टोपणनांवें देण्याची चाल होती. स्वतः वेस्ली म्हणजे “सायरस.” “अस्पेशिया” म्हणजे मेरी पेंडार्व्हिस बाई, व “सेलिमा” म्हणजे तिची बहीण ॲन ग्रॅनव्हिल. मेरीबाई पुढें डिलेनी ह्या नांवानें प्रसिद्ध झाली, व तिचीं पत्रें १८६१ व १८६२ सालीं सहा भागांत छापलीं गेलीं. त्यामुळें तिची ओळख पटविणें फारसें कठीण नव्हतें. पण “व्हॅरनीस” कोण?

ती किर्कम घराण्यांतील होती एवढें निश्चित होतें. लायोनेल किर्कम हे ग्लॉस्टरशर परगण्यांतील स्टँटन गांवचे पाळक. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा ऑक्सफर्डास वेस्लींचा स्नेही होता व १७२९ सालीं सुरू झालेल्या “पवित्र मंडळा”च्या पहिल्या सभासदांपैकीं एक होता. रॉबर्टास बहिणी होत्या. त्यांत एक सॅली व एक बेटी. आतां रॉबर्टानें वेस्लींस फेब्रुवारी १७२७ मध्यें लिहिलेलें एक पत्र एकोणिसाव्या शतकांत छापलें गेलें. त्यांत मिस बेटीचा उल्लेख आहे, आणि वेस्ली आपले मेहुणे व्हावे अशी इच्छाहि सूचित केली आहे. तेवढ्यावरून पुष्कळ चरित्रकारांनीं ठरवून टाकिलें कीं, व्हॅरनीस म्हणजे बेटीच. हातीं लागलेला पहिला कागद त्यांस पुरेसा वाटला.

पुढें अभ्यासकांनीं सर्व नोंदी व पत्रें तारखांप्रमाणें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, तेव्हां हें मत टिकेना. सॅलीचें लग्न १७२५ च्या डिसेंबरांत जॉन चॅपोन नांवाच्या पाळकाशीं झालें. त्यानंतरच्या लिखाणांत व्हॅरनीस आपल्या पतीविषयीं बोलते. आणि रॉबर्टाच्या पत्रांत तर बेटी अद्यापि अविवाहित आहे. येथें एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. त्या काळीं इंग्लंडांत कायद्याचें वर्ष २५ मार्चपासून सुरू होई, व १ जानेवारीपासून वर्ष धरण्याची रीत तेथें १७५२ सालीं लागू झाली. म्हणून जुन्या पत्रावरील फेब्रुवारीचें साल तपासूनच घ्यावें. परंतु हें पत्र कोणत्याहि रीतीनें मोजलें तरी सॅलीच्या लग्नानंतरचेंच ठरतें. एकच बाई एकाच वेळीं विवाहित व अविवाहित असूं शकत नाहीं. तेव्हां व्हॅरनीस म्हणजे सॅली, हें मत आतां अभ्यासकांनीं मान्य केलें आहे.

कोणी म्हणेल, सॅली काय आणि बेटी काय, ह्यानें काय बिघडलें? बिघडलें तें असें. १७२५ सालीं आपणांस एक धार्मिक स्नेही लाभला व आपल्या वागणुकीस निराळें वळण लागलें, असें वेस्लींनीं पुढें लिहून ठेविलें आहे. तो स्नेही म्हणजे व्हॅरनीसच असावी, असें अभ्यासक मानतात. तेव्हां एका बाईचें श्रेय पुष्कळ वर्षें दुसरीच्या नांवावर जमा होत गेलें. आणि ही सॅली कांहीं सामान्य बाई नव्हती. इंग्लंडच्या कायद्याखालीं विवाहित स्त्रियांस काय काय सोसावें लागतें, ह्याविषयीं १७३५ सालीं एक निनांवी पुस्तक निघालें. तें हिनेंच लिहिलें. जॉर्ज बॅलर्ड यांनीं विद्वान स्त्रियांचीं चरित्रें १७५२ सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांसहि हिचें साहाय्य झालें होतें.

ह्यावरून तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली: एक नांव जेथें जेथें आलें असेल त्या सर्व जागा गोळा केल्यावांचून निकाल देऊं नये. दुसरी: प्रत्येक जागा तारखेशीं ताडून पाहावी, व जी तारीख आपल्या मतास आड येते तिला सर्वांत अधिक मान द्यावा. तिसरी: “निश्चित” व “असावें” हे दोन शब्द कधींहि एक करूं नयेत.

हा धडा केवळ विद्वानांचा नाहीं. आपल्या गांवच्या मंडळीच्या नोंदवहींत “रामजीची बायको” एवढेंच लिहिलेलें असलें, तर पन्नास वर्षांनीं तिला कोण ओळखील? रामजीची पहिली बायको वारून त्यानें दुसरी केली असेल, तर ही पहिली कीं दुसरी? म्हणून उपदेशकबंधूंनीं बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु नोंदतांना बाईचें स्वतःचें नांव, माहेरचें नांव, बापाचें नांव, गांव, तारीख व साल हीं सर्व लिहावीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं नांव बदललें असेल तर जुनें नांवहि लिहावें. ह्यास एक ओळ अधिक लागेल. ती ओळ नसली म्हणजे किती घोटाळा होतो, हें व्हॅरनीसच्या गोष्टीवरून आपण पाहिलेंच आहे.